‘सी’ म्हणजे ‘हो’

संपादकांचा फोन आला, ‘या अंकात गाण्यांवर लेख हवेत, तुम्हीही एक द्या,’ आणि आमची पंचाईत झाली. आम्ही म्हणजे आम्ही दोघं. लेखणी एकाची, दुरुस्त्या दुसरीच्या. गणपतीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडणं आणि माइकच्या वायरी जोडणं हे खातं इंजिनियर म्हणून आमच्याकडे असतं, यावरून आमचा गाण्यातला अधिकार वाचकांनी ओळखावा. भीमसेन, लता, बाबूजी यांच्यावर लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. तेव्हा आम्ही ठरवलं, आपल्या मंडळात दुसरं कोणीही ज्यावर लिहिणार नाही असंच गाणं घ्यावं. हे गाणं मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. इटालियन आहे. नाव एका अक्षराचं, ‘सी’. अर्थ, ‘हो’.

हे गाणं आमच्याकडे आलं ते शेजारच्या कुंपणावरून. मास्टर्स झालं, नोकरी लागली, लग्न झालं आणि २००९ साली आम्ही बेडफर्डमध्ये घर घेतलं. इथे आल्यावर कळलं की या गावात इटालियन वस्ती फार मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला घरं बांधायला विटा हव्या होत्या आणि भट्ट्यांवर राबायला माणसं मिळत नव्हती. बेडफर्डच्या आसपास विटांचे मोठमोठे कारखाने होते. त्यांनी १९५१ पासून दक्षिण इटलीतल्या गरीब खेड्यांतून कंत्राटावर माणसं आणायला सुरुवात केली. आधी पुरुष आले, मग बायका-मुलं आली. १९५४ साली इथे इटलीला उपदूतावास उघडावा लागला आणि १९६५ साली त्यांचं स्वतःचं चर्चही उभं राहिलं. आपण लोक संगणक आणि स्टेथोस्कोप घेऊन आलो, ते फावडं घेऊन आले, एवढाच काय तो फरक.

आमच्या शेजारच्या आजीबाई १९६१ साली नवी नवरी म्हणून मोलिझे भागातून इथे आल्या. नवरा वीट कारखान्यात होता. आमची मुलं त्यांना ‘नोन्ना’ म्हणायची, म्हणजे आजी, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. कुंपणावरून टोमॅटो यायचे, इकडून चकल्या जायच्या. चकली ही बिस्किटाची जात नव्हे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

२०११ च्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी नोन्नांनी दार वाजवलं. टीव्ही बंद पडला होता आणि आज तर ‘ती’ स्पर्धा होती. मागे जाऊन बघितलं तर केबल सैल झालेली. ती बसवली, चित्र आलं आणि निघायला लागलो तर म्हणाल्या, ‘बसा. कॉफी घ्या.’ अशा रीतीने आम्ही आयुष्यात पहिल्यांदा युरोव्हिजन स्पर्धा पूर्ण पाहिली. तेरा वर्षांच्या गैरहजेरीनंतर इटली त्या वर्षी स्पर्धेत परत आली होती. रात्री मतमोजणी संपली तेव्हा इटलीचा नंबर दुसरा आला. आम्ही अभिनंदन करायला गेलो, तर नोन्नांचे डोळे भरलेले. त्या म्हणाल्या, ‘दुसरा. तेव्हाही दुसराच होता.’

‘तेव्हा’ म्हणजे कधी, ही विचारपूस केली आणि मग कॉफीचे तीन राउंड झाले.

ज्यांना या स्पर्धेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युरोपातल्या देशांनी दरवर्षी आपापलं एक नवं गाणं पाठवायचं, सगळ्या देशांच्या टेलिव्हिजनवर एकाच वेळी त्याचं प्रक्षेपण व्हायचं आणि प्रत्येक देशाने दुसऱ्यांच्या गाण्यांना मतं द्यायची. स्वतःला मत देता येत नाही. (आपल्या मंडळाच्या पाककला स्पर्धेत हा नियम आणावा अशी आमची जुनी सूचना आहे.) पहिली स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे झाली. पण कल्पना मूळची इटलीची. सानरेमो या समुद्रकाठच्या गावात १९५१ पासून गाण्यांचा महोत्सव भरत होता, त्यावरून ती घेतली गेली.

आता जिल्योला चिंक्वेत्ती या मुलीची गोष्ट. व्हेरोना गावची, १९४७ चा जन्म. १९६४ साली सोळा वर्षांची असताना ती आधी सानरेमो जिंकली आणि मग कोपनहेगनला युरोव्हिजन. गाण्याचा आशय असा, की तुझ्यावर प्रेम करण्याइतकं माझं वय झालेलं नाही, थोडं थांब. युरोपभरच्या आईबापांना हे गाणं आवडलं नसतं तरच नवल. तिला ४९ गुण पडले आणि दुसऱ्या आलेल्या इंग्लंडला १७. इटलीचा तो पहिला विजय.

बरोबर दहा वर्षांनी, ६ एप्रिल १९७४ रोजी, तीच मुलगी पुन्हा स्पर्धेत उतरली. या वेळी स्पर्धा इंग्लंडात होती, ब्रायटनच्या डोम सभागृहात. आता ती सव्वीस वर्षांची होती आणि गाणंही बदललं होतं. दहा वर्षांपूर्वी ‘अजून नाही’ म्हणणारी मुलगी आता ‘हो’ म्हणत होती. एक स्त्री आठवण सांगते, की त्या संध्याकाळी मी त्याला हळूच ‘हो’ म्हटलं आणि त्याच्याबरोबर निघाले. बस, एवढीच गोष्ट. सुरुवात अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी, मग वाद्यं भरत जातात आणि तो ‘सी’ पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त खात्रीचा. गाण्यातलं आम्हांला कळत नाही हे वर सांगितलंच आहे, पण हे कळतं.

त्या वर्षीची स्पर्धा पुढे फार गाजली, पण इटलीमुळे नाही. चमचमत्या कपड्यांतली एक स्वीडिश चौकडी ‘वॉटर्लू’ नावाचं गाणं घेऊन आली होती. ही आबा मंडळी. त्या वेळी प्रत्येक देशात दहा परीक्षक असत आणि प्रत्येकाने आपल्या आवडत्या एकाच गाण्याला एक मत द्यायचं. सतरा देश, म्हणजे एकूण १७० मतं. त्यातली आबाला २४ आणि जिल्योलाला १८. इंग्लंडच्या दहा परीक्षकांपैकी एकानेही आबाला मत दिलं नाही. परीक्षकांवर विसंबू नये, याचं हे ऐतिहासिक उदाहरण आमच्या मुलीने तिच्या जीसीएसईच्या निकालानंतर आम्हांला ऐकवलं होतं.

त्याच रात्री फ्रान्स गैरहजर होता, कारण राष्ट्राध्यक्ष पाँपिदू नुकतेच वारले होते. आणि पोर्तुगालचं गाणं संयुक्तपणे शेवटचं आलं, तीन मतं. पण अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, तेच गाणं लिस्बनच्या रेडिओवर लागलं आणि तो लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांना ‘तयार व्हा’ असा इशारा होता. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधली जवळजवळ पन्नास वर्षांची हुकूमशाही कोसळली. तेव्हा साध्या प्रेमगीतांना कमी लेखू नये.

आता मुख्य मुद्दा. इटलीचं गाणं दुसरं आलं, पण ते इटलीत कोणी पाहिलंच नाही. इटलीच्या सरकारी टेलिव्हिजनने, म्हणजे राईने, त्या रात्री स्पर्धा दाखवली नाही. तेव्हा खाजगी वाहिन्या नव्हत्या, जे काय ते राईचंच. कारण काय? तर गाण्यातला ‘हो’.

त्याचं असं झालं. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटच नव्हता. एकदा लग्न झालं की ते मरेपर्यंत. वेगळं राहता येई, पण दुसरं लग्न नाही. सोफिया लोरेनसारख्या नटीलासुद्धा आपल्या नवऱ्याशी रीतसर लग्न करता यावं म्हणून फ्रान्सचं नागरिकत्व घ्यावं लागलं, कारण त्याचं पहिलं लग्न इटलीच्या कायद्याने मोडतच नव्हतं. १९६१ चा ‘इटालियन पद्धतीचा घटस्फोट’ हा मास्त्रोयानीचा विनोदी सिनेमा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात नवरा बायकोचा काटा काढायच्या खटपटीत असतो, कारण घरच्या अब्रूसाठी खून केला तर शिक्षा कमी होते, आणि घटस्फोट तर मिळतच नाही. विनोद होता, पण तो कायदा खरा होता.

१ डिसेंबर १९७० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला. चर्च आणि कॅथलिक संघटनांनी लाखो सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागितलं. ते १२ आणि १३ मे १९७४ रोजी ठरलं, म्हणजे स्पर्धेनंतर पाच आठवड्यांनी. प्रश्न होता, ‘हा कायदा रद्द करावा का?’ म्हणजे ज्याला घटस्फोट नको त्याने म्हणायचं ‘हो’, आणि ज्याला घटस्फोटाचा हक्क हवा त्याने म्हणायचं ‘नाही’. आमच्या क्षेत्रात असं उलटं लॉजिक कोणी सर्किटमध्ये घातलं तर डिझाइन रिव्ह्यूमध्ये त्याची चंपी होते. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे फानफानी गावोगाव ‘सी’चा प्रचार करत होते. कम्युनिस्ट, समाजवादी, लिबरल वगैरे मंडळी ‘नो’च्या बाजूने. भिंतींवर ‘सी’, भिंतींवर ‘नो’. आणि अशा वेळी एक लाडकी गायिका टेलिव्हिजनवर येऊन पुन्हा पुन्हा ‘सी, सी’ गाणार! लोकांच्या मतावर परिणाम होईल, या भीतीने राईने ते गाणं मतदान होईपर्यंत बाजूला ठेवलं.

गंमत बघा. गाण्यातला ‘हो’ हा आपल्या मनाने प्रेमाला दिलेला ‘हो’. मतपत्रिकेवरचा ‘हो’ मात्र, प्रेम संपलं तरी बांधून राहा, असं सांगणारा. दोन्ही शब्द एकच, अर्थ विरुद्ध. आणखी गंमत म्हणजे याच गाण्याची इंग्रजी आवृत्ती इंग्लंडात आठव्या क्रमांकापर्यंत पोचली, आणि तिच्यात तो ‘हो’ जाऊन ‘जा’ आला.

निकाल काय लागला? सुमारे ८८ टक्के मतदान झालं आणि ५९ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ म्हटलं. कायदा टिकला. म्हणजे गाण्याला घाबरण्यात काही हशील नव्हतं. लोकांना आपल्या मनातलं माहीत होतं.

हे सगळं नंतर वाचून मिळालेलं. त्या रात्री नोन्नांनी सांगितलं ते वेगळं होतं.

नोन्नांची एक धाकटी बहीण गावी होती. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी कामासाठी जर्मनीला गेला. पहिली दोन वर्षं पैसे आले, मग पत्रं आली, मग तीही बंद झाली. त्याने तिकडे दुसरा संसार मांडला होता. इटलीच्या खेड्यांत अशा बायका इतक्या होत्या की त्यांना शब्दच होता, ‘पांढऱ्या विधवा’. नवरा जिवंत, पण नाही. ही बाई सासूला सांभाळत आणि शिवणकाम करत राहिली. पुढे शेजारच्या गावातला एक सुतार तिच्याशी लग्न करायला तयार झाला. कायदा आल्यावर तिने कोर्टात अर्ज केला. तारखा पडत होत्या, आणि तेवढ्यात सार्वमत जाहीर झालं. ‘सी’ जिंकला असता तर तिचा अर्ज कागदाच्या टोपलीत गेला असता.

नोन्ना म्हणाल्या, ‘त्या शनिवारी आम्ही इथे बेडफर्डमध्ये बीबीसीवर ते गाणं पाहिलं. शेजारपाजारचे सगळे इटालियन आमच्याच घरी जमले होते. गावात कोणालाच ते दिसलं नाही. आपल्या देशाचं गाणं आम्ही परदेशात बसून पाहिलं, आणि देशातल्या लोकांना पाहता आलं नाही. मी बहिणीला पत्र लिहिलं. गाण्याबद्दल लिहिलं, जिल्योलाच्या निळ्या-हिरव्या कपड्यांबद्दल लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की अर्ज मागे घे. इतकी वर्षं काढलीस, अजून थोडी काढ. इथे लोक विचारतात, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.’

आम्ही गप्प बसलो. कपडे खरोखर कोणत्या रंगाचे होते हे बघायचं भानही तेव्हा राहिलं नाही.

‘मला मत असतं तर मी “सी”वरच फुली मारली असती,’ त्या पुढे म्हणाल्या. त्यांना मत नव्हतं असं नाही, पण द्यायला गावी जावं लागलं असतं. परदेशातून टपालाने मत देण्याचा कायदा इटलीत २००१ साली झाला. ‘मी १९६१ साली गाव सोडलं. माझ्या डोक्यात गाव तसंच होतं. माझी बहीण तेरा वर्षं पुढे गेली होती. मला वाटत होतं मी पुढारलेल्या देशात राहते, म्हणजे मीच पुढे आहे.’

बहिणीने पत्राचं उत्तर दिलं नाही. तिने ‘नो’वर मत दिलं, १९७५ साली तिला घटस्फोट मिळाला आणि त्या सुताराशी तिने लग्न केलं. लग्नाचा फोटो नोन्नांना तिसऱ्याच कोणाकडून मिळाला. दोघी बहिणी पुन्हा बोलायला लागल्या त्या आईच्या अंत्यविधीला, १९८३ साली. नऊ वर्षं गेली.

रात्री साडेबाराला आम्ही घरी आलो. घर शेजारीच, वीस पावलांवर. पण तेवढ्यात दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली आणि ती कोणी बोलून दाखवली नाही.

आमची एक धाकटी बहीण सांगलीला. एकाची सख्खी बहीण, दुसरीची नणंद. त्या वर्षीच्या जानेवारीत तिचा फोन आला होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. काय चाललंय ते तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं, सविस्तर. आणि आम्ही, इंग्लंडात राहणाऱ्या, दोन पदव्या घेतलेल्या, जगभरच्या बातम्यांवर मतं देणाऱ्या माणसांनी तिला काय सांगितलं? ‘थोडं जुळवून घे गं. सगळीकडे असंच असतं. आईच्या तब्येतीचा विचार कर.’ त्यानंतर चार महिने तिचे फोन आले, पण त्यात फक्त हवापाणी आणि मुलांची चौकशी.

इथे आपल्या कायद्याबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९४७ च्या कायद्याने मिळाला आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. परस्परसंमतीने वेगळं होण्याची तरतूद १९७६ साली आली. म्हणजे या बाबतीत आपण इटलीच्या पंधरा वर्षं पुढे होतो. कायदा पुढे होता. घरातले फोन मात्र १९७४ च्या त्या पत्रासारखेच राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठून आम्ही सांगलीला फोन लावला. भारतात दुपार होती. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात एवढंच बोलता आलं, ‘जानेवारीत आम्ही जे बोललो ते चुकलं. तू काय ठरवशील त्याला आमचं हो आहे.’ पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आम्हांला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली, ‘आईला तुम्ही सांगाल का?’ सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच माहेरची खोली झाडून घेतली.

मंडळी, हा लेख कोणाला लग्न मोडायचा सल्ला देण्यासाठी नाही. मोडलेलं सांधता येत असेल तर जरूर सांधावं. आमच्याही घरात भांडी वाजतात, शेजाऱ्यांना विचारा. पण आपण ज्या साली विमानात बसलो त्या सालातच आपला देश थांबलेला असतो, आणि मग तिथल्या माणसांनीही थांबून राहावं असं आपल्याला वाटतं, हे नोन्नांनी आम्हांला दाखवलं. आपल्या मंडळातही, नावं घ्यायची नाहीत, पण एक-दोन नावं गेल्या काही वर्षांत हळदीकुंकवाच्या यादीतून आपोआप गळली आहेत. कोणी मुद्दाम काढली नाहीत. तशीच कोणी मुद्दाम परत घातलीही नाहीत. येत्या संक्रांतीला यादी करणाऱ्यांनी एवढं बघावं, ही विनंती.

नोन्ना २०१९ साली गेल्या. २०२२ च्या मे महिन्यात युरोव्हिजन इटलीतच, तुरीनला झालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या जिल्योलाबाई मंचावर आल्या आणि त्यांनी १९६४ चं, सोळाव्या वर्षीचं ते गाणं म्हटलं. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर गात होतं. आम्ही घरी बसून पाहत होतो. ‘सी’ त्यांनी म्हटलं नाही, याची आम्हां दोघांना उगीचच रुखरुख लागली.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीची बहीण पहिल्यांदाच आमच्याकडे आली, एकटीने विमानप्रवास करून. हल्ली ती एका शाळेत शिकवते. एका संध्याकाळी तिला ते गाणं लावून दिलं. गोष्ट आधी काहीच सांगितली नाही. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, ‘शब्द काही कळले नाहीत. पण बाई काहीतरी ठरवून बोलतेय.’

मग म्हणाली, ‘परत लाव.’